डब्याखालचा चाकू

चंपत गजभियेकडे सात चाकू होते आणि सातही मिटणारे. पातं मुठीत घडी होऊन बसतं, नखानं ओढलं की बाहेर येतं, यापलीकडे त्यांत काही यंत्र नव्हतं. बटण दाबल्यावर खटकन उघडणारे चाकू भिलाईजवळच्या सुपेल्याच्या बाजारात मिळत, पण त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. ते चाकू माणसांसाठी असतात, आपले कामासाठी आहेत, असं तो सांगायचा. सांगताना त्याचा चेहरा इतका सरळ असायचा की ऐकणारा पुढचा प्रश्न गिळून टाकी.

कुणी म्हणेल, हा माणूस छांदिष्ट असणार. होताच. पण छंदाच्या वस्तू मांडून ठेवायला आधी घरात कपाट लागतं. चंपतची रिसालीजवळ कुडाची झोपडी होती आणि चाकू चहाच्या पत्र्याच्या डब्यात असत. शिवाय ज्याला काम नाही तो चाकू घरात राहणार नाही, असा त्याचा नियम होता. एक मनिला दोर कापायचा. एक वायरीचं वेष्टण सोलायचा, तो एका मल्याळी वायरमनकडून अदलाबदलीत आलेला. पंजाबी क्रेनवाल्याकडून मिळालेला रुंद पात्याचा चाकू रशियाहून आलेल्या पेट्यांवरचं गोणपाट फाडायला. एक आंब्यासाठी होता. आंबे नसतील त्या महिन्यांत त्याला कांद्यावर लावलं जाई, कारण रिकामं बसणं नियमात बसत नव्हतं. रविवारी सगळे पोत्यावर ओळीनं निजवायचे, दगडावर घासायचे, तेलाचं बोट फिरवायचं आणि परत डब्यात. भागीरथा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, सात लेकरं असती तरी इतकं न्हाऊ-माखू घातलं नसतं.

या सातांतला बाभळीच्या मुठीचा चाकू त्याच्या बापाचा, धोंडबाचा. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात लोहारानं तो बनवला, भुईवर ठेवला आणि धोंडबानं वाकून उचलला. धोंडबाला आयुष्यात मिळालेली प्रत्येक वस्तू अशीच मिळाली होती. मजुरीचं धान्य, शिळी भाकर, कुणाचा विटलेला सदरा. देणारा ती खाली ठेवायचा, दोन पावलं मागे सरकायचा, मग धोंडबा वाकायचा. म्हातारपणी त्याला सरळ उभं राहता येईना तेव्हा वैद्यानं वात सांगितला. चंपतचं निदान वेगळं होतं.

छप्पन साली चंपतनं नागपूरला दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटल्या आणि तेविसावी मनातल्या मनात स्वतःची जोडली. कुणी भुईवर ठेवून दिलेली वस्तू आपण उचलायची नाही. मग ती सोन्याची का असेना. सोन्याची वस्तू कुणी त्याच्यापुढे ठेवील अशी शक्यता नव्हती, पण प्रतिज्ञा करायची तर पुरती करावी.

भागीरथानंही देव्हारा नदीत सोडला, उपास सोडले. एकच गोष्ट तिच्यानं सुटेना. मीठ आणि मिरची ती कुणाच्या हातात देत नसे. "भांडण लागते," म्हणायची आणि डबी भुईवर ठेवायची. चंपत याला बायकी खूळ म्हणे आणि मीठ उठून स्वतः फळीवरून घेई. प्रतिज्ञेतून बायकोला सूट नव्हती.

पुढच्या साली भिलाईत कारखाना उभा राहतोय, माणसं घेतायत असं कळलं, म्हणून ती दोघं इकडे आली. चंपत रिगरांच्या टोळीत लागला. अवजड यंत्रं दोरांनी बांधून उचलायची, सरकवायची, बसवायची. दोर स्टोअरमधून मिळायचे आणि स्टोअरच्या खिडकीत दुर्गचे हरिभाऊ टेंबे बसायचे. चार पिढ्या दुर्गात काढलेलं घराणं, डोळ्यांवर चष्मा, कानावर पेन्सिल. खिडकीला एक फळी होती. चिठ्ठी फळीवर ठेवायची, माल फळीवर यायचा, सही फळीवर व्हायची. त्यामुळे कोण कुणाच्या हाताला शिवतो, हा प्रश्न त्या खिडकीत कधी उठलाच नाही.

चंपतनं बोटाएवढा जाड दोर आपल्या चाकूनं दोन ओढींत कापला, ते एकदा हरिभाऊंनी पाहिलं. त्यांनी कानावरची बोथट पेन्सिल फळीवर ठेवली. चंपतनं तिला असं टोक काढून दिलं की हरिभाऊंनी ते बोटावर टोचून बघितलं आणि बोट तोंडात घातलं. तेव्हापासून रोज सकाळी पेन्सिल बाहेर यायची. सगळीकडे हिंदी, पंजाबी, तेलुगू, रशियन चाललेलं. त्यात दोन वाक्यं मराठीत बोलायला मिळत. हरिभाऊंना चंपतची मराठी रांगडी वाटे, चंपतला त्यांची पुस्तकातली वाटे, आणि दोघांनाही ती ऐकल्याशिवाय दिवस सुरू झालासा वाटत नसे.

मग हरिभाऊंनी एक दिवस वडिलांचा चाकू आणला. बोरू तासायचा, पितळी मुठीचा, करंगळीएवढ्या पात्याचा. खिळा झिजून पातं लुळं पडलं होतं. चंपतनं तीन संध्याकाळी घालवून एक खिळा घासून घासून बारीक केला, बसवला, पात्याला धार दिली आणि चाकू फळीवर आणून ठेवला. हरिभाऊंनी तो पाच-सहा वेळा उघडला, मिटला. मग खिडकी लावून घेतली आणि दारातून बाहेर आले.

बाहेरच्या पडवीत टोळी जेवायला बसली होती. हरिभाऊंनी तो चाकू चंपतच्या समोर भुईवर ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "घे. तुझ्याकडेच शोभेल."

मागे सरकलेली ती दोन पावलं चंपतनं मोजली होती; लहानपणापासून मोजत आला होता. टोळीतले सगळे बघत होते. त्यानं भाकर फडक्यात बांधली, उठला आणि चाकूला वळसा घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो दोरासाठी आला तेव्हा चाकू पडवीत तिथंच होता आणि त्याच्यावर ग्रीसचा रिकामा डबा पालथा घातलेला होता. डब्यावर हरिभाऊंच्या वळणदार अक्षरात खडूनं लिहिलं होतं, 'हाथ मत लगाना'. त्यांनी चाकू उचलून आत का नेला नाही, हे चंपतला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

बांधकामावर अशा पाटीला फार मान असतो. खाली विजेची केबल आहे असं लोकांनी ठरवून टाकलं. झाडूवाले डब्याला वळसा घालून झाडत. अर्जुन्या नावाच्या एका हमालानं तर डब्याजवळून जाताना झटका बसल्याचं शपथेवर सांगितलं. पावसाळ्याआधी एका सुपरवायझरनं डब्याभोवती चुन्याचं रिंगण काढून घेतलं आणि खडू पुसट झाला होता म्हणून तीच अक्षरं पेंटनं गिरवली.

चंपत आता हरिभाऊंशी हिंदीत बोलू लागला. "बाबूजी, रस्सा चाहिए, चालीस फुट." हरिभाऊ एकदा मराठीत काही म्हणू गेले, पण चंपतनं "जी?" असं विचारल्यावर तेही हिंदीवर आले. पेन्सिल बाहेर यायची बंद झाली. स्टोअरच्या वहीत त्या वर्षीची अक्षरं जाड जाड आलेली आहेत.

त्याला राग होता, आणि तो त्यानं नीट सांभाळून ठेवला होता. पण रागाहून जास्त त्याला वाईट वाटत होतं. एवढा भला माणूस, एवढं गोड बोलणं, आणि शेवटी तेच. घरी तो काही बोलला नाही. फक्त रविवारी सात चाकू पोत्यावर निजवले की पितळेला काही होत नाही, पण डब्याखालच्या त्या पात्याला तेल कोण लावत असेल, असं त्याच्या मनात यायचं.

तेरा महिने गेले. एकोणसाठच्या फेब्रुवारीत कारखान्याची पहिली भट्टी पेटली, आणि भट्टीवर काम केलेला एक रशियन साहेब मायदेशी निघाला. दोन वर्षं चंपतच्या टोळीबरोबर उन्हात उभा राहून त्याच्या नाकाची कातडी तीनदा सोलली होती. जाताना त्यानं खिशातून लाकडी मुठीचा, मिटणारा, साधा चाकू काढला, चंपतच्या हाताजवळ नेला आणि मधेच थांबून दुसरा तळहात पुढे केला. पैसे मागत होता.

चंपतनं दुभाष्या ओमप्रकाशकडे बघितलं.

"एक पैसा दे दे," ओमप्रकाश म्हणाला. "इनके यहाँ चाकू मुफ्त में नहीं देते. कहते हैं दोस्ती कट जाती है."

चंपतनं एक नवा पैसा दिला. रशियन साहेबानं तो जपून पाकिटात ठेवला, चाकू हातात दिला, गळामिठी मारली आणि गेला. चंपत मात्र तिथंच उभा राहिला.

घरी आल्यावर त्यानं भागीरथाला सगळं सांगितलं. रशियनचं सांगितलं आणि त्यातून निघून हरिभाऊंचंही सांगून टाकलं, तेरा महिन्यांचं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मीठ हातात देल्लं तं भांडण लागते. चाकूनं लागनार नाई का? एवढे दिवस मले पुसलं कावून नाई?"

ज्याच्या घरात बापानं सगळंच भुईवरून उचललेलं, त्याला कोणती वस्तू कशासाठी खाली ठेवली हे कुठून कळावं?

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी गेला. आतलं सामान पेट्यांत भरणं चाललं होतं. हंगामी शेड शनिवारी पाडणार होते, पडवीसकट.

"भाऊ, तो चाकू तुमी भुईवर कावून ठेवला होता?"

मराठी ऐकून हरिभाऊंनी चष्मा काढला. "अरे, चाकू हातात देतात का कुणाच्या? वैर येतं. आमची आई कात्रीसुद्धा देत नाही. म्हटलं, तुझं-माझं बरं चाललंय, उगाच कशाला... आणि एकदा दिलेली वस्तू परत उचलू कशी? म्हणून झाकून ठेवला. पण तू घेतला का नाहीस?"

चंपतनं सांगितलं. धोंडबापासून सांगितलं, दोन पावलांपर्यंत. हरिभाऊंचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं.

"हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही रे," ते म्हणाले.

ते खरंच होतं. तेच तर, चंपतला वाटलं. यांच्या डोक्यात यायची कधी गरजच पडली नाही.

"आनखी एक पुसतो. मी तुमच्या घरी आलो तं पानी कशात द्याल?"

हरिभाऊंनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. "आई आहे अजून घरात," ते म्हणाले.

"म्हंजे येगळ्या गिलासात."

"वेगळ्या," हरिभाऊ म्हणाले. खोटं बोलले असते तर चंपत तिथूनच परतला असता.

"मंग बाहेर या," तो म्हणाला.

हरिभाऊ पडवीत आले. चंपतनं खिशातून बाभळीच्या मुठीचा चाकू काढला, धोंडबाचा, तो हरिभाऊंच्या समोर भुईवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

"हा माह्या बापाचा. आधी तुमी उचला."

जेवायला बसलेल्या टोळीनं चावणं थांबवलं. हरिभाऊंनी एकदा आजूबाजूला बघितलं. त्यांची कंबर धरलेली असायची. एक हात गुडघ्यावर टेकून ते खाली गेले, चाकू बोटांत धरला आणि तसेच कण्हत वर आले. चांगलाच वेळ लागला. चंपतनं तो सगळा वेळ उभ्यानं बघितला. घाई केली नाही.

मग त्यानं पायानं डबा बाजूला सारला. टोळीत नंतर आलेले दोन-चार जण दचकून मागे पळाले, कारण केबलचं त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. चंपत वाकला. कुणी भुईवर ठेवलेल्या वस्तूसाठी दीक्षेनंतर पहिल्यांदा, दोन वर्षं चार महिन्यांनी. अदलाबदलीला उचलणं म्हणत नाहीत, असा त्यानं वाकता वाकताच स्वतःशी निकाल दिला. पात्यावर थोडा गंज होता. घासला की जाईल.

वैर येऊ नये म्हणून जे केलं त्यानंच तेरा महिन्यांचं वैर आणलं, असं हरिभाऊ म्हणाले. चंपत म्हणाला, वैर नुसत्या चाकूचं नव्हतं. हरिभाऊंनी मान हलवली आणि कानावरची पेन्सिल काढून त्याच्याकडे दिली. पेन्सिल हातातच दिली.

रविवारी ते दुर्गहून सायकल हाणत रिसालीला जेवायला आले. बोलावलं चंपतनं होतं. येतील यावर त्याचा निम्माच विश्वास होता. भागीरथानं पाण्यानं भरलेला पितळी गिलास त्यांच्या हातात दिला. हरिभाऊंनी तो घेतला, तोंडाला लावला आणि थेंब न ठेवता रिकामा केला. चंपत त्यांच्या गळ्याकडे बघत होता. घोट खाली जाताना त्याला दिसले, एकूण एक, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चुलीच्या धुरानं, असं त्यानं सांगितलं. चूल विझलेली होती.

जेवताना वांग्याची भाजी अळणी लागली. भागीरथाकडून मीठ चुकून कमी पडलं की कसं, हे चंपतला शेवटपर्यंत कळलं नाही.

"वहिनी, जरा मीठ," हरिभाऊ म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

भागीरथानं त्या हाताकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि मिठाची डबी हरिभाऊंच्या ताटाजवळ भुईवर ठेवली.

"हातात नाई देत, भाऊजी," ती म्हणाली. "भांडण लागते."

हरिभाऊंनी हात मागे घेतला आणि वाकून डबी उचलली.