न प्यायलेलं पाणी

गयाबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा मी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच ठेवला. पडेगावहून भर उन्हात आलेल्या, ओठ सुकलेले. मला वाटलं, संकोच असेल. त्या म्हणाल्या, "मेंढरं प्यायली नायत अजून. त्यांच्या आधी माझ्या घशाखाली उतरत नाय, वकीलसाहेब." साठी उलटलेल्या या मेंढपाळ बाईंचा हा जन्माचा नेम होता.

भांडण तलावाचं होतं. दुष्काळात आजूबाजूचं सगळं आटलं तरी पडेगावच्या मागच्या तलावात पाणी टिकायचं, आणि चिखलाच्या उतरत्या काठाने मेंढरं खाली जाऊन प्यायची. शहर तिथवर पोचलं आणि कुणाला तरी तलावाचं 'पुनरुज्जीवन' सुचलं. चारी बाजूंनी पाण्यातून सरळ वर आलेली पुरुषभर उंच दगडी भिंत, वर फिरायला फरशी, पायऱ्यांच्या फाटकाला कुलूप. चिखल गेला, त्यात चरणारे पक्षीही गेले. गयाबाई म्हणायच्या, "तळं नटवलं लई. पण त्याचं तोंडच शिवून टाकलं." मी दावा लावला.

कोर्टाने पाहणीला अधिकारी पाठवला. गयाबाईंनी कळप आणला. मेंढरं भिंतीच्या कडेला उभी राहून खालच्या पाण्याकडे बघत नुसती ओरडत होती. साहेबांनी छत्रीखालून गयाबाईंना पाण्याची बाटली देऊ केली. त्यांनी मान हलवली.

अहवाल आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. 'मेंढ्या काठापर्यंत आल्या, परंतु पाणी प्यायल्या नाहीत. तक्रारदार महिलेनेही देऊ केलेले पाणी नाकारले. सबब पाण्याची निकड दिसून येत नाही.' एवढ्यावर दावा फेटाळला गेला. लिहिणाऱ्याला भिंत दिसली नाही, की दिसूनही लिहावीशी वाटली नाही?

मी गयाबाईंना तो वाचून दाखवला, टेबलावर हात आपटत, साहेबांचा उद्धार करत. त्या म्हणाल्या, "त्या सायबाला काय म्हाईत? तुम्हाला तर ठाऊक व्हतं, मी का पेत नाय ते. तवा का नाय बोललात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कळप गंगापूरच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला हाकला. तिकडेच त्या वारल्या. मी अपील केलंय, त्या अहवालावर भर कोर्टात तोंडसुख घेतो. पण पाहणीच्या दिवशी मी साहेबांच्या छत्रीत उभा होतो, आणि गयाबाईंनी नाकारलेली ती बाटली मीच पिऊन संपवली होती.