गोत्तिल्ला

धाकट्या मालकानं मला वळायला सांगितलं. मी वळलो. लोखंडी कास्टिंगवर खुणा करायचा निळा खडू त्यानं खिशातून काढला आणि माझ्या पाठीवर कन्नडात मोठ्या अक्षरांत लिहिलं : गोत्तिल्ला.

म्हणजे, माहीत नाही.

हुबळीत गोकुळ रोडवरचा व्हॉल्व्हचा कारखाना. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते. एका खेपेतले व्हॉल्व्ह गळत होते. का गळतात, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणालो, "गोत्तिल्ला, सर. बघून सांगतो." खरं होतं तेच सांगितलं.

"डिग्री काय उणकलच्या तळ्यात बुडवून आलास?"

हे तो मराठीत म्हणाला. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथं, तो सगळ्यांशी कन्नडात बोलायचा. घरची भाषा आमची दोघांची एकच. अपमान तेवढा मायबोलीत केला. "हमालाचं पोर की रे तू. पोतं उचलशील. उत्तर कुठनं उचलणार? पुसायचं नाही हां. सुट्टी होईपर्यंत असंच फिरायचं."

तीस माणसं हसली. हुबळीत मराठीही सगळ्यांना कळते. हसणाऱ्यांत हमालांची पोरं होती. ते अजून सलतं.

माझे अप्पा धाकट्या मालकाच्याच बापाच्या दुकानात पोती वाहायचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीच्या दिवसासाठी शिवलेला पांढरा शर्ट अंगात होता. सुट्टी झाल्यावर बसमध्ये पाठ घासून घासून उभा राहिलो. अक्षरं राहिलीच.

अप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "पाठीवर काय लिवलंय रं?"

"कंपनीचं नाव, अप्पा."

"मग धुऊ नको लगेच. गल्लीत दिसू दे की."

आणि मला साखर आणायला दुकानात पाठवलं. मी गेलो. गल्लीतल्या बऱ्याच जणांना वाचता येत होतं.

त्या दिवशी मी एक धडा शिकलो, आणि तो पार चुकीचा होता. तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. माहीत असो नसो, छाती काढून उत्तर द्यायचं. फळ मिळालं. मी वर चढलो. दहाएक वर्षांत शॉपचा सुपरवायझर झालो. धाकटे मालक तोवर मोठे मालक झाले होते, पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्याला विचारा. ह्याच्याकडे उत्तर नाही असं होतच नाही." मी फुगायचो. खाली कुणी चाचरत "गोत्तिल्ला, अण्णा" म्हणालं, की त्याला सोलून काढायचो. खडू मी कधी हातात घेतला नाही. जीभ पुरायची.

मग काळ फिरला. जुनी गिऱ्हाइकं तुटली. नवी ड्रॉइंगं यायला लागली, दर आठवड्याला वेगळी. कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आली. ती शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत निघून गेला. मला तिच्यातलं निम्मंसुद्धा येत नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं.

लेथवर इरप्पा होता. माझ्याहून वयानं मोठा, जुना टर्नर. हातानं लोखंड ओळखणारा. एका दुपारी त्यानं मला हाक मारली. "अण्णा, आवाज वेगळा येतोय. बंद करू?"

मी ऐकला आवाज. कशाचा ते मला कळलं नाही. भोवती पोरं उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"चालव," मी म्हणालो. "मला माहीत आहे कशाचा आहे."

त्यानं चालवली. फिरता तुकडा त्याला धरणाऱ्या चकमधून सुटला, मशीनच्या दाराची काच फोडून बाहेर आला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

इरप्पा खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं. बोटांमधून येत होतं ते मी बघत राहिलो.

डोळा गेला.

तिसऱ्या दिवशी मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं. कागद पुढं सरकवला. "लिही. कामगारानं न विचारता मशीन चालू ठेवलं. त्याची चूक. सही कर." म्हणजे इरप्पाला भरपाई नाही आणि नोकरीही नाही. माझी खुर्ची मात्र शाबूत.

पेन हातात घेतलं. मी लिहिलं : आवाज कशाचा हे मला माहीत नव्हतं. इरप्पानं बंद करू का विचारलं होतं. मी चालवायला सांगितलं. चूक माझी. खाली सही केली, पूर्ण नावानं, बी.एस्सी. लावून.

त्यानं वाचलं. "खुळ्या, स्वतःच्या हातानं गळा कापून घेतोस? दुसरा कागद घे."

"दुसरा कागद नाही. हाच जाईल. हेच सगळं सकाळी लिहून मी इरप्पाच्या घरी देऊन आलोय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला "सर" न लावता बोललो.

"शेवटी हमालाचंच रक्त," तो म्हणाला.

"होय," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं टाकून पळत नाही ते."

मला काढलं. इरप्पाला भरपाई मिळाली, भांडून. मी माफी मागायला गेलो. डोळ्यावर पट्टी बांधून तो ओट्यावर बसला होता. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग दोनच शब्द बोलला. "कण्णु कोडु." डोळा दे.

मी उठून आलो. तो बोलला त्यात काही चूक नव्हती. माफ केलं असतं तर मी पुन्हा सोकावलो असतो.

पुढं धारवाडजवळ बेलूरला एका कारखान्यात लागलो. आज तिथं चाळीस माणसं माझ्या हाताखाली आहेत. कुठली ऑर्डर टिकेल, कुठलं मशीन उद्या येईल, मला सांगता येत नाही, आणि तसं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोललो. काहीजण हसले. हसू दे. ज्याला शंका येईल त्यानं मशीन बंद करायचं, मला विचारायला थांबायचं नाही. शंका खोटी निघाली तरी मी त्याला एक शब्द बोलत नाही.

परवा इथल्या मालकानं बोलावून सांगितलं, असं बंद पडत राहिलं तर माल वेळेवर जाणार नाही, पोरांना जरा धाक बसव.

मी म्हणालो, "धाकाचा माणूस पाहिजे असेल तर दुसरा बघा. मी आहे तोवर ह्या शॉपमध्ये तोंड उघडलं म्हणून कुणाचा पाणउतारा होणार नाही. तुम्ही केलात, तर सगळी मशीनं मी स्वतः बंद करीन."