उजव्या पायाचा बूट

"बूट काढ. उजवा."

मैदानावर आलेल्या प्रत्येक नव्या पोराला आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक आधी एवढंच म्हणत. नाव, गाव, वर्ग ही चौकशी नंतर. पोरगं गोंधळून दोन्ही बूट काढायला वाकलं की सर ओरडत, "उजवा म्हणलं ना! डावा ऱ्हाऊ दे." मग तो एकटा बूट नाडीला धरून नेत आणि मैदानालगतच्या खेळसाहित्याच्या खोलीत खिळ्याला अडकवत. पुढं कित्येक महिने सरावात त्या पोराच्या डाव्या पायात बूट आणि उजवा पाय अनवाणी. लातूरच्या मुरमाड मैदानावर अनवाणी पायानं फुटबॉलला एकदा लाथ घालून बघा, म्हणजे सरांची विद्या कळेल. पोरगं झक मारत डाव्यानं खेळायला शिकायचं. "डावा बोलायला लागला की बूट घेऊन जा," असा त्यांचा करार होता. सामन्याला कॉलेजच्या पेटीतले बूट मिळत. स्वतःचा मात्र खिळ्यावरच राही.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझी खिडकी मैदानाकडं उघडायची. पुस्तकं मागायला फारसं कुणी येत नसे, त्यामुळं मी सरांना बघत बसायचो. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं. सराव संपला की ते घाम पुसत माझ्याकडं चहाला येत.

"काय किताबवाले, आज कुणी आलं का?"

"एकजण आला होता. कपाटाखाली मांजर व्यालीय का बघायला."

"मग बरं चाललंय तुमचं. माझ्याकडं तिघं आले. एक बूट काढ म्हणल्यावर पळून गेला."

सर मूळचे उदगीरचे. घरचं शिवणकामाचं दुकान, ते धाकट्या भावाकडं. सर इथं भाड्याच्या एका खोलीत एकटे राहत. लग्न का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊन गेलं." बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तितक्या सहज म्हणाले.

भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी बालाजी आला. भूकंपाच्या गावचा, पत्र्याच्या शेडमधून. आई-बाप दोघंही त्या पहाटे गेलेले, मागं एक चुलता. काटकुळा, अबोल. सरांनी त्याचाही उजवा बूट काढून घेतला. पांढरा कॅनव्हासचा होता, मदत म्हणून वाटलेला. होस्टेलात जागा मिळाली, पण बालाजी छताखाली झोपेना. बळंच आत नेला की थरथर कापायचा. मग सरांनी त्याला आपल्याकडं नेलं, स्वतःची खाट अंगणात काढली आणि शेजारी त्याची लावली. थंडीचे महिनेही दोघांनी उघड्यावर काढले. सरांना खोकला धरला. मी म्हणालो, "आत झोपा की तुम्ही तरी." तर माझ्यावरच खेकसले, "पोरगं भाईर आन् मी आत कामून झोपू?"

बालाजी त्यांच्याकडं राहिला त्या दोन वर्षांत सर भाजीच्या पिशव्या घेऊन लगबगीनं घरी जाताना दिसत. माझ्याकडचा चहाही कधीकधी टाळत. मला थोडा रागच यायचा, पण बरंही वाटायचं.

तोवर शहराची तऱ्हा बदलली होती. गल्लोगल्ली क्लास निघाले. क्लासवाले निकाल लागला की खेड्यापाड्यांत जाऊन पहिला आलेला पोरगा उचलून आणत, फी माफ करत आणि पुढच्या वर्षी त्याचा फोटो चौकात लावत. आधीच हुशार असलेल्याला हुशार केल्याचं श्रेय घ्यायचं, असा तो धंदा. हीच हवा खेळातही शिरली. बालाजीला न्यायला नांदेडच्या एका कॉलेजची जीप आमच्या मैदानाबाहेर उभी राहिली.

खेळाच्या खोलीत बालाजी माझ्यासमोरच सरांना म्हणाला, "सर, तिथं फी न्हाई. मेस फुकट हाय. काका म्हणतेत जा."

"मंग जा की. इचारायलास कामून?"

बालाजीनं खिळ्याकडं बघितलं. "बूट?"

"डावा अजून बोलला न्हाई," सर म्हणाले आणि पंपानं बॉलमध्ये हवा भरत बसले.

डावा बोलायला लागला होता, हे खिडकीतून मलाही दिसत होतं. सरांना बूट द्यायचा नव्हता. बालाजी चपला घालून जीपमध्ये बसला.

मग प्राचार्यांनी सरांना बोलावून फर्मावलं, "तुम्हीही तयार पोरं आणा. नाहीतर संघ बंद." जाण्यायेण्याचा खर्च देऊन त्यांना देगलूरला धाडलं. तिथं शाळांच्या स्पर्धा होत्या. सर चार दिवसांनी एक किडकिडीत पोरगं घेऊन परतले.

"हा गोल मारतो?" प्राचार्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग अडवतो?"

"न्हाई. पर बॉल बाभळीत गेला की हाच आत घुसतोय. बाकीचे उभे ऱ्हातेत."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. सर माझ्याकडं येऊन चहा पीत म्हणाले, "ज्याला सगळं येतंय त्याला मी काय देऊ, किताबवाले? नुसतं पाणी?"

त्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात नांदेडचा संघ आमच्या मैदानावर आला. हरलो तर संघ बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बराच वेळ काहीच होईना. मग बालाजीकडं बॉल आला. आमच्या पोरांनी त्याची उजवी बाजू अडवली आणि त्यानं डाव्यानं असा काही मारला की आमचा गोली जागचा हललाही नाही.

आमच्या बाजूनं एकटे सर टाळ्या वाजवत होते. प्राचार्य त्यांच्याकडं बघत होते. सरांचं लक्षच नव्हतं. "बोलला," ते मला म्हणाले. "ऐकलं का? डावा बोलला."

त्या एकाच गोलानं आम्ही हरलो. सामना संपल्यावर सर खेळाच्या खोलीत गेले आणि खिळ्यावरचा बूट घेऊन नांदेडवाल्यांच्या जीपकडं निघाले. मीही मागं गेलो. बालाजी चांगला उंच झाला होता, पायात नवे बूट. सरांनी कॅनव्हासचा बूट पुढं केला. तो जीपच्या पायरीवर बसला, उजवा बूट काढला आणि तो जुना चढवायला लागला. बोटं गेली, टाच बाहेरच राहिली. त्यानं पुन्हा जोर लावला.

"न्हाई बसत, सर."

"हाव. पाय वाढलाय तुझा." सरांनी बूट परत हातात घेतला. "आता आत झोपतोस का?"

"झोपतो, सर."

"बरं झालं."

जीप गेली. सर बूट घेऊन फाटकाशी उभे राहिले. त्यांना हाक मारायचं माझ्यानं झालं नाही.

संघ बंद झाला. देगलूरचं पोरगं गावी परत गेलं, जाताना त्याचा बूट सरांनी देऊन टाकला. बाकीची पोरं भल्या सकाळी क्लासला जाऊ लागली आणि मैदानावर त्यांच्या सायकली लागू लागल्या. उरलेल्या कोपऱ्यात सर एकटेच भिंतीवर बॉल मारत, डाव्या पायानं. मी खिडकी लावून घेऊ लागलो. पाहवत नव्हतं.

निवृत्त होऊन ते उदगीरला गेले. पत्रं लिहिण्यातले ते नव्हते. ते वारल्याची बातमी उशिरा कळली, तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या बहिणीनं चहा दिला, सरांची खोली दाखवली. खाट, शिट्टी, आणि भिंतीला खिळ्यावर तो बूट, नुकताच खडूनं रंगवल्यासारखा पांढरा.

"दर जुम्म्याला भाईजान त्याला खडू लावायचे," ती म्हणाली. "ते गेल्यावर म्याच लावते. पर येकच हाय, आन् लहान हाय. कुणाचा हाय वो?"

"त्यांच्या पोराचा," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं बूट खाली काढला, पदरानं तळाची धूळ पुसली आणि तो परत खिळ्याला लावला.