तांबोशीचं डोकं

मंडळी, आज जयपूरच्या मासेवाल्याला मी चांगलंच झापलं. बर्फातून आलेली तांबोशी त्याने साफ केली आणि डोकं छाटून घाणीच्या बादलीत टाकलं.

"इसे कौन खाता है, मॅडम?"

"मेरे पति."

हे लहानपणी मालवणच्या खडकांवर बसून, गळाला कोळंबी लावून तांबोशी पकडायचे. न्यूमोनियानंतर आठवडाभर धड जेवले नव्हते. काल मात्र डोक्याचं कालवण मागितलं.

हे सगळं मी सांगितल्यावर मासेवाल्या भैयाने दुसऱ्या तांबोशीचं डोकं कल्ले काढून दिलं. मी ओलं खोबरं, तिरफळं, आमसुलं घालून कालवण केलं.

ह्यांनी गालाचं मांस बोटांनी सोडवून खाल्लं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी उलट बोलले नाही.

तुमच्याकडचा आजारी माणूस कशाला नावं ठेवत जेवायला लागला?