दुसऱ्या अल्बममध्ये नाच नाही

"पहिल्या अल्बममध्ये जंगल होतं. दुसऱ्यात बाई शिकली आणि जंगल गेलं."

शहाद्याच्या हॉलमध्ये, माझ्याच सत्काराला, भर माइकवर, माझ्या तोंडावर बोलला तो साहेब. पुण्याहून आलेला. पेपरात गाण्यांवर लिहितो. मी बाजूच्याच खुर्चीवर, मांडीवर सत्काराचा पुष्पगुच्छ. लोक खो खो हसले.

मी धडगावकडची, भिलाची पोर. गाते ती जुन्या बँडवर. डीजे यायच्या आधी लग्नात वाजायचा तसा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल. ट्रम्पेट माझा मामा वाजवतो. पहिल्या अल्बमात सगळी लग्नाची, नाचाची गाणी. तेव्हा ह्याच साहेबाने मला रानपाखरू म्हटलं होतं. अरे, पाखरू कसलं? बी.ए. झालेली बाई मी. ते नाही लिहिलं त्याने.

मग आई गेली. ऊस तोडायला गुजरातेत गेली होती, टेम्पोतून परत आणली. दुसरा अल्बम त्या दुःखातला. बँड तोच, मामा तोच, चाल संथ. नाच नाही. आमच्यात घरात मयत झालं की शेवटचं कार्य होईपर्यंत, मग त्याला वर्ष लागो की दोन, लग्नाचं गाणं तोंडात आणत नाहीत. साहेबाने लिहिलं, "शहरी दुःखाची नक्कल." दुःख शहरातच राहतं का रे बाबा? एकदा विचारायचं तरी.

आता हॉलमध्ये म्हणतो, "पहिल्यातलं एखादं होऊन जाऊ दे. आणि जरा नाचून दाखवा."

टाळ्या पडल्या. माझे अल्बम काढणारा कंपनीवाला मागून कानाशी वाकला. "म्हनी टाक ना बहीन, तुन्हं काय जास? नही ते तिसरा अल्बम भूली जाय."

नाही म्हटलं तर तिसरा अल्बम विसर, म्हणे. त्याच्याशिवाय मला दारात कोण उभं करणार होतं? मामाकडे बघितलं. ट्रम्पेट मांडीवर आडवा ठेवून तो खाली मान घालून बसलेला. मेली ती त्याची सख्खी बहीण.

मी उठले. माइक घेतला.

"माझी आई मेलीय, साहेब. आमच्यात मयताच्या घरात लग्नाचं गाणं म्हणत नाहीत. तुमच्यात म्हणतात का?"

साहेब हसला. "अहो, एवढं मनाला काय लावून घेता? ही कला आहे."

अंगाची नुसती आग झाली. पुष्पगुच्छ खुर्चीवर टाकला आणि दुसऱ्या अल्बममधलं आईचं गाणं सुरू केलं. मामाने ट्रम्पेट तोंडाला लावला. अर्धा हॉल उठून चहाला गेला. मी शेवटच्या ओळीपर्यंत गायले.

कंपनीवाला आता फोन उचलत नाही. पेपरात 'उद्धट गायिका' म्हणून आलं. छापा, अजून मोठ्या अक्षरात छापा. होळीनंतर आईचं कार्य आहे. त्यानंतर लग्नाचं गाणं परत माझ्या तोंडी येईल, आमच्याच अंगणात, मामाच्या ट्रम्पेटवर. तिसरा अल्बम तिथेच मोबाईलवर करणार. नाचेन तेव्हा माझ्या मर्जीने नाचेन. कुणी नाच म्हटलं म्हणून यापुढे माझा पाय हलणार नाही.