आधी पुरा, मग बोटीत चढवा

आर्डिस पिंग्रीने बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बीन्स शिजवले आणि उरलेल्या वेळात गावातल्या निम्म्या लोकांचे पूर्वज मारले. बॉस्टनच्या उत्तरेच्या आमच्या या किनाऱ्यावर ज्याला त्याला आपला मूळपुरुष सोळाशे तीसच्या आसपास इंग्लंडहून बोटीने आलेला हवा असतो. तिकडच्या एखाद्या चर्चच्या वहीत त्याच नावाच्या पोराचा बाप्तिस्मा सापडला की लोक वंशवृक्ष रंगवायला मोकळे. ग्रंथालयातल्या इतिहासाच्या खोलीत फुकट राबणारी आर्डिस मात्र चष्म्यावरून बघत विचारायची, "पुरलंत का त्याला?" त्या काळी पोरं पटापट मरत. दफनाची वही न बघता पूर्वज ठरवला, तर पाळण्यातच गेलेलं लेकरू तुम्ही बोटीत चढवलेलं असायचं. "आधी पुरा, मग बोटीत चढवा," हे तिचं पालुपद. लोक तिला मागून कबरखोदी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा नियम तिने एकदाच मोडला, तीस वर्षांपूर्वी, तोही जिवलग मैत्रिणीसाठी. डोरकस थर्कलचा मूळपुरुष एडमंड सोळाशे पस्तीसला इथे उतरला, पण आला कुठून ते कुणालाच माहीत नव्हतं. आर्डिसने इंग्लंडातल्या सफोकमधल्या मार्लिंगमच्या चर्चच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा शोधून काढला, ९ एप्रिल १६०९. दफनाच्या वहीची पानं पाणी लागून काळी पडली होती, त्यांच्या मायक्रोफिल्मवर एक अक्षर लागत नव्हतं. तेव्हा आर्डिसने लिहिलं, 'दफनाची नोंद आढळली नाही.' ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. डोरकस त्या दिवशी तिच्या गळ्यात पडून रडली होती आणि तेव्हापासून दोघींचं मेतकूट आणखीच घट्ट झालं. पुढे थर्कल वंशजांचं मंडळ निघालं, डोरकस त्याची अध्यक्ष झाली आणि मार्लिंगमच्या चर्चच्या आवारात एडमंडच्या नावाचा बाक बसवायचं ठरलं. त्यासाठी शुक्रवारी एक्केचाळीस थर्कल विमानात बसणार होते. बेचाळिसावं तिकीट आर्डिसचं.

गुरुवारी सकाळी आर्डिस संगणकासमोर बसली. त्या काळ्या पानांचे नव्या पद्धतीने काढलेले फोटो याच आठवड्यात खुले झाले होते. एखादं छापून डोरकसला भेट द्यावं, एवढाच तिचा विचार. तिसऱ्या पानावर ओळ दिसली: ११ फेब्रुवारी १६०९, एडमंड, एडमंड थर्कलचा मुलगा.

तिने हातातला डोनट खाली ठेवला. मग तिने तारीख पुन्हा वाचली. फेब्रुवारी! बाप्तिस्मा एप्रिलमधला, म्हणजे हे पोर आधीच गेलं आणि त्याचं नाव पुढच्याला दिलं. तेव्हा तशी रीतच होती. आर्डिस मोठ्याने हसली. डोनटचा तुकडा तोंडात टाकून तिने वही ओढली आणि सवयीने नोंद लिहिली: ११ फेब्रुवारी १६०९/१०.

तिरकी रेघ ओढून पुढच्या वर्षाचा आकडा लिहून झाला, तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. तेव्हाचं इंग्रजांचं वर्ष मार्चअखेर सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी वर्षाच्या शेपटीला यायचा. ही गोष्ट ती आठवड्यातून दोनदा नवशिक्यांना समजावत असे आणि ते चुकले की फिदीफिदी हसत असे. आज तिचं मन तीच चूक आनंदाने करून बसलं होतं, पण हाताने इमान सोडलं नाही. एप्रिलमध्ये जन्मलेलं पोर पुढच्या फेब्रुवारीत गेलं होतं. पुढच्या बारा वर्षांचे बाप्तिस्मे तिने एकेक करून पाहिले. त्या घरात चार मुली झाल्या. दुसरा एडमंड नव्हता.

तिला भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी. डोरकसच्या घरी आधी गेलं तर काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मंडळाच्या संकेतस्थळाची किल्ली तिच्याकडेच होती. मार्लिंगम पुसून तिने लिहिलं, 'मूळ गाव अज्ञात. चूक माझी. आ. पिंग्री.' सगळ्या सभासदांना ते एकदम पाठवलं आणि मगच गाडी काढली.

डोरकस स्वयंपाकघरात बॅगेशी झटत होती. "आलीस? बरं झालं. बस गं हिच्यावर, मेली बंद होत नाहीये."

"डोरकस, एडमंड मेला."

"त्याला मरून साडेतीनशे वर्षं झाली, बाई. बस आधी."

"दहा महिन्यांचा असताना मेला."

डोरकसचे हात थांबले. आर्डिसने सगळं सांगितलं. ओट्यावर डोरकसचा फोन घरघरायला लागला, थांबला, पुन्हा घरघरला.

"चारशे वर्षं दडून राहिलंय ना ते?" डोरकस हळू आवाजात म्हणाली. "मग आठ दिवस आणखी राहील. परत आल्यावर सांगू सगळ्यांना. माझ्यासाठी एवढं कर, आर्डी."

फोन पुन्हा घरघरला. "कोण जीव खातंय मघापासून?"

"मी सगळ्यांना कळवलंय. तुझ्याकडे निघायच्या आधी."

"मला सांगायच्या आधी?"

"आधी इथे आले असते तर तू थांब म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. तुझ्यासाठी एकदा डोळेझाक केलीय मी."

डोरकस खुर्चीत बसली. "मग माझा एडमंड कुठला?"

"माहीत नाही."

"तीस वर्षांनी हे सांगतेस?"

आर्डिसला रडू कोसळलं. डोरकसने ते बघितलं, पण उठली नाही. तिने फोन उचलला, सगळे संदेश वाचले आणि उपडा ठेवला. मग एकटीनेच बॅगेवर गुडघा दाबून ती बंद केली.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "ज्याचं नाव बाकावर कोरलंय त्या पोराला मागे कुणीच नाही. कुणीतरी जाऊन बसायला हवं."

"मी येऊ?"

"तिकीट तुझं आहे, ये. पण त्या बाकावर माझ्या शेजारी बसू नकोस."