रमाकांतच्या होडीचा शोध आजच का सुरू झाला?

दिनेशने सकाळी गटावर लिहिले, "रमाकांतच्या पत्नीला पोलिसांनी परत पाठवले." हे असत्य आहे, मी तिच्यासोबत होतो. सागरी पोलीस ठाण्यातील हवालदारांनी तक्रार लगेच नोंदवली आणि गस्तीनौका निघाली.

मग त्यांनी विचारले, "वयनी, इतके दिस कित्याक थांबलास?"

"देवळात गाऱ्हाणा घातला. मगे मुंबैक गेलेल्या पोलीस पाटलांची वाट बघली."

"अगो वयनी, नुसतो फोन पुरो होतो!"

पोलीस पाटलांविनाही थेट ठाण्यात जाता येते, हे आपल्यापैकी कुणीच तिला का सांगितले नाही?

दिनेश, वारही दुरुस्त कर. होडी गेली गुरुवारी. परतायला हवी होती शुक्रवारी. गाऱ्हाणे शनिवारी. रविवारी आपण सगळे नुसते किनाऱ्यावर उभे होतो. शोध सुरू झाला आज, सोमवारी.